घोगलीतलं चार वर्षं जुनं डुप्लेक्स 95 लाखांना: हा भाव तपासायचा कसा?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या दक्षिणेकडे घोगलीच्या बाजूला, बेसा रस्त्यापासून थोडं आत, 1,500 चौरस फुटांच्या प्लॉटवर चार वर्षं जुनं डुप्लेक्स आहे. बांधकाम 1,800 चौरस फूट. मालकाची बदली झाली म्हणून तो विकतोय आणि 95 लाख मागतोय. मागच्याच लेआउटमध्ये एक बिल्डर 1,200 फुटांच्या प्लॉटवर जवळपास तेवढ्याच बांधकामाचं नवं डुप्लेक्स 82 लाखांत देतोय, काम अजून चालू आहे. त्रिमूर्तीनगरात बारा वर्षं जुना थ्री बीएचके फ्लॅट 80 लाखांत दिसतोय. आणि 95 लाखांना 1,800 ने भागून तुम्ही फुटाला साधारण 5,280 रुपये काढलेत. इंटरनेटवर दिसणाऱ्या नागपूरच्या सरासरीपेक्षा तो आकडा जास्त आहे, म्हणून शंका आली की शहराबाहेर जाऊन शहरापेक्षा महाग घेतोय का.

मी व्हॅल्युएशनचं काम करतो, त्यातही बराच भाग दक्षिण नागपूरचा: मनीषनगर, बेलतरोडी, बेसा, पिपळा, हुडकेश्वर. त्यामुळे हा हिशेब रोजचा आहे. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. या घराची किंमत किती, हा पहिला. एवढा पैसा नागपुरात याच घरात घालावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्याच लेआउटमध्ये आणि आजूबाजूला मिळतं, दुसऱ्याचं शहरभर फिरून. शहराची सरासरी पहिल्या प्रश्नाला लावली की गोंधळ होणारच.

सरासरीचंच बघा. त्या आकड्यात रामदासपेठ आहे, सिव्हिल लाइन्स आहे, तसंच पारडी आणि वाठोडाही आहे. शिवाय तो मुख्यतः फ्लॅटच्या जाहिरातींवरून निघतो, आणि आपल्याकडे फ्लॅटचा फुटाचा भाव बहुतेक वेळा सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून सांगतात. तुमच्या डुप्लेक्सचा 5,280 मात्र बिल्टअपवर, म्हणजे भिंतींसकट नुसत्या घराच्या क्षेत्रावर आहे आणि त्यात 1,500 फूट जमिनीची पूर्ण मालकी बसली आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. तुमच्याच यादीतला त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट घ्या. तो 1,450 फूट सुपर बिल्टअप आहे, म्हणजे कार्पेट, भिंतींच्या आतली वापरायची जागा, साधारण 1,040 धरा. 80 लाखांना कार्पेटचा भाव 7,700 च्या आसपास पडतो. डुप्लेक्सचं कार्पेट 1,440 धरलं तर तिथे 6,600 पडतो. चित्र उलटं झालं. पण यावरून डुप्लेक्स स्वस्त आहे असंही म्हणता येत नाही.

घर म्हटलं की मी किंमत दोन भागांत मोडतो, जमीन आणि बांधकाम. दोन्हींचा स्वभाव वेगळा. जमीन परिसरासोबत चढते, बांधकाम दरवर्षी झिजतं. आरसीसी घराचं आयुष्य 60 वर्षं आणि शेवटी 10 टक्के भंगारमूल्य धरलं की वर्षाला दीड टक्का घसारा येतो. आमच्या कामात ही सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे.

तुम्ही लिहिलंय की त्याच लेआउटमध्ये रिकामा प्लॉट फुटाला 3,200 ने जातोय. तो आकडा खरा धरून चालू. 1,500 फुटांचे 48 लाख झाले. तसंच मध्यम दर्जाचं बांधकाम आज नव्याने करायला फुटाला 1,900 धरले तर 1,800 फुटांचे 34 लाख 20 हजार. चार वर्षांचा सहा टक्के घसारा वजा केला की 32 लाख 15 हजार. बोअर, संप (जमिनीखालची पाण्याची टाकी), कंपाउंड वॉल, गेट, किचनचं आणि कपाटांचं लाकूडकाम याचे आजच्या अवस्थेत साडेतीन लाख धरा. बेरीज 83 लाख 65 हजार.

तयार घराचं मोल याहून थोडं जास्त असतं. प्लॉट घेऊन स्वतः बांधायचं तर नकाशा मंजुरीपासून रंगापर्यंत वर्ष जातं. वर्षभर भाडं, अडकलेल्या पैशाचं व्याज, ठेकेदाराच्या मागे धावपळ. यासाठी मी अशा घरांना चार-पाच लाख वर देतो. म्हणजे या बाजूने हिशेब 88-89 लाखांवर थांबतो.

आता शेजाऱ्याकडून तपासू. बिल्डरचं 82 लाखांचं घर स्वस्त दिसतं, पण ते बांधकामाधीन आहे, त्यावर 5 टक्के जीएसटी लागेल, म्हणजे 4 लाख 10 हजार. पूर्ण झालेल्या, वापरात असलेल्या घराच्या फेरविक्रीवर जीएसटी नाही. करार कसा बांधला आहे त्यावर कराचा आकडा बदलू शकतो, प्लॉटचं विक्रीपत्र वेगळं आणि बांधकामाचा करार वेगळा असेल तर सीएला दाखवूनच पुढे जा. ढोबळ मानाने ते घर 86 लाखांना पडलं. त्यात जमीन तुमच्या घरापेक्षा 300 फूट कमी आहे, 3,200 ने तिचे 9 लाख 60 हजार. ते मिळवले की 95 लाख 70 हजार. तुमचं घर चार वर्षं जुनं म्हणून दोन लाख वजा. आणि बिल्डरने सांगितलेला भाव हा बोलीचा भाव आहे, सौदा त्यावर होत नाही, तिथे चारेक लाख कमी धरा. उरतात 89-90 लाख.

दोन वेगळ्या वाटांनी आपण जवळपास एकाच ठिकाणी आलो. कागद स्वच्छ असतील तर या घराची किंमत 84 ते 90 लाखांच्या दरम्यान बसते. 95 हे लुबाडणं नाही, पण ती मालकाची इच्छा आहे, बाजारभाव नाही.

इथे उपनगराबद्दलची एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात रिकामा प्लॉट शोधून सापडत नाही, त्यामुळे तिथल्या घराला किती मिळेल हे गरजवंत ठरवतो. घोगली, बेसा, पिपळ्यात मात्र तुमच्या गॅलरीतून चार रिकामे प्लॉट दिसत असतील. उद्या तुम्ही विकायला काढलं तर गिऱ्हाईक म्हणेल, एवढ्यात मी शेजारी नवं बांधतो. शेजारी रिकामा प्लॉट आहे तोवर जुन्या घराला नव्याच्या खर्चाहून जास्त भाव मिळत नाही. म्हणून नव्या वस्तीत घर घेताना 'परिसर वाढतोय' म्हणून जास्त पैसे देऊ नका. परिसर वाढला की त्याचा फायदा जमिनीला होईल, तो तुमचा. पण तो आधीच मालकाच्या हातात मोजून देण्याचं कारण नाही.

ब्रोकर सांगेल, 'साहेब, दोन वर्षांत इथं भाव डबल होऊन राहिले.' त्याला एकच विचारा, मागच्या सहा महिन्यांत या लेआउटमध्ये झालेल्या सौद्यांचे खसरा क्रमांक (जमिनीचे सर्व्हे क्रमांक) दे. मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मौजा आणि खसरा क्रमांक टाकून सूची क्रमांक 2 काढा. त्यात मोबदला, शासकीय बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. तीन-चार नोंदी मिळाल्या तरी पुरे. एक सावधगिरी बाळगा: नोंदवलेला मोबदला कित्येकदा रेडी रेकनरला, म्हणजे शासनाच्या दरतक्त्याला चिकटलेला असतो, खरा व्यवहार वेगळा असतो. म्हणून सूचीतला आकडा मी तळ म्हणून धरतो, जाहिरातीतला छत म्हणून, आणि खरा भाव या दोघांमध्ये शोधतो. रेडी रेकनरवर स्वतंत्र भरवसा ठेवू नका, तो मुद्रांक शुल्कासाठी आहे. तुमचं घर बारा मीटरच्या रस्त्यावर आहे की नाल्याला लागून आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

शेजारचा सौदा जसाच्या तसा लावायचा नाही, हेही आलंच. कॉर्नरच्या प्लॉटला मी पाच ते दहा टक्के वर देतो. रस्ता नऊ मीटरचा आहे की सहाचा, प्लॉट मुख्य रस्त्यापासून किती आत आहे, समोर लेआउटचं मैदान आहे की हायटेन्शन लाइन, हे सगळं मोजतो. प्लॉट मोठा झाला की फुटाचा भाव उतरतो, 3,000 फुटांच्या सौद्यावरून 1,500 फुटांचा भाव काढाल तर कमी निघेल.

पण नागपूरच्या सीमेवर या सगळ्यापेक्षा जास्त फरक कागद पाडतात. दोन प्लॉट भिंतीला भिंत लागून, एकाला आरएल (प्लॉट नियमित असल्याचं प्राधिकरणाचं पत्र) आहे आणि दुसऱ्याला नाही, तर ते दोन वेगळे बाजार आहेत. तुम्ही 3,200 चा भाव ज्या प्लॉटचा ऐकला तो आरएलचा आहे का, आणि तुमच्या घराचा प्लॉट आहे का? दोन्ही उत्तरं हवीत. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटांचा कायदा 2001 चा, 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची दारं उघडली. पण 'अर्ज केलाय' आणि 'झालंय' यात लाखांचा फरक आहे. अर्जाच्या पावतीवर पूर्ण भाव देऊ नका.

बांधकामाचा नकाशा कोणी मंजूर केला तेही बघा. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे एनएमआरडीए 2017 पासून आहे. तुमचं घर त्यानंतरचं, त्यामुळे नकाशावर ग्रामपंचायतीचा शिक्का असेल तर मी थांबतो. बँकाही अशा नकाशावर कर्ज द्यायला नाखूश असतात, आणि ज्या घरावर कर्ज मिळत नाही त्याचं गिऱ्हाईक निम्म्याहून कमी होतं. मंजूर नकाशा हातात घेऊन घर फिरा. नकाशात पार्किंग दाखवलेलं असतं तिथे खोली झालेली असते, मागचं सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) पत्रे टाकून किचनला जोडलेलं असतं. तुम्हाला सांगितलेल्या 1,800 फुटांत मंजूर किती आणि वाढीव किती, ते वेगळं काढा. वाढीव भागाला मी बांधकामाचा भाव लावत नाही. भोगवटा प्रमाणपत्र असेल तर उत्तम, नसेल तर का नाही ते लेखी मागा.

मूळ प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे नोंदलेला होता का, हेही विचारा. रेरात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, आणि मधे घर विकलं तरी नव्या मालकाला तो हक्क मिळतो. तुमच्या घराला चार वर्षं झाली, म्हणजे एक वर्ष उरलं असेल. मालकाचं ताबापत्र घेऊन तारीख पाहा. मालकाने एकट्याने ठेकेदार लावून बांधलं असेल तर हा मुद्दा उरत नाही.

घर बघायला जाल तेव्हा फरशी आणि रंगापेक्षा जमिनीकडे बघा. या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया पुरेसा खाली मुरमापर्यंत गेला नसेल तर घराला हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग ही त्याची खूण. प्लास्टरच्या केसासारख्या भेगा सगळीकडे असतात, त्यांना घाबरू नका. पण तिरपी भेग नखाच्या जाडीची असेल, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. घराभोवतीचं प्लिंथ प्रोटेक्शन (भिंतीलगतचा पक्का पट्टा) भिंतीपासून सुटून खाली बसलंय का पाहा, सुटलं असेल तर त्या फटीतून पावसाचं पाणी थेट पायापाशी जातंय. कंपाउंड वॉल कुठे झुकली आहे का तेही बघा, तिचा पाया उथळ असल्यामुळे माती सगळ्यात आधी तिला हलवते. आणि भेगांवर ताजा रंग दिसला तर मालकाला विचारायला लाजू नका. चार वर्षं म्हणजे चार पावसाळे आणि चार उन्हाळे घराने काढले, ही या घराची जमेची बाजू आहे. कोऱ्या घराची ही परीक्षा अजून व्हायची असते. म्हणून चार वर्षांचं, भेग न पडलेलं घर मी कोऱ्यापेक्षा कमी लेखत नाही.

पाण्याचं मे महिन्यात विचारायचं. महापालिकेच्या हद्दीत नळ आहे की नाही हा साधा प्रश्न असतो, बेसा-पिपळा नगरपंचायतीच्या भागात मात्र गल्लीगणिक उत्तर बदलतं. बोअर किती फूट खोल आहे, उन्हाळ्यात किती वेळ चालतो, टँकर लागतो का, हे मालकापेक्षा शेजारच्या घरातल्या बाईंना विचारा. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं की लाइनमध्ये, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी किती वेळ साचतं, तेही त्याच सांगतील. टँकरवर चालणाऱ्या घराचा भाव मी दोन-तीन टक्के तरी खाली आणतो. आणि वरच्या मजल्यावर दुपारी पाच वाजता जा. पश्चिमेची भिंत मोकळी असेल तर मे महिन्यात त्या खोलीत कूलर पुरत नाही, दरवर्षीचं एसीचं बिल घर घेतानाच मोजलेलं बरं.

आता शहराशी तुलना. 85-90 लाखांत नागपुरात काय काय येतं, अशी यादी करा: त्रिमूर्तीनगर किंवा प्रतापनगरचा जुना फ्लॅट, झिंगाबाई टाकळीकडचं घर, हिंगणा रस्त्यावरचं रो-हाऊस, मानेवाड्याच्या पुढचं डुप्लेक्स. प्रत्येकात जमिनीचा वाटा किती ते लिहा. तुमच्या डुप्लेक्समध्ये 84 पैकी 48 म्हणजे 57 टक्के जमीन आहे. बारा मजली इमारतीतल्या फ्लॅटमध्ये जमिनीचा अविभक्त हिस्सा अगदी थोडा येतो, तिथे तुम्ही मुख्यतः पत्ता आणि बांधकाम विकत घेता. त्रिमूर्तीनगरचा पत्ता मात्र पक्का आहे. शाळा, दवाखाने, बाजार सगळं तयार, भाडेकरू लगेच मिळतो, विकायला काढलं तर गिऱ्हाईकही लवकर येतं. घोगलीत विकायला सहा-आठ महिने लागू शकतात, हे मनात धरा. जुन्या वस्तीतली जमीन लीजवर आहे की मालकी हक्काची, हे नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) आणि नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) भागात तपासावंच लागतं, लीज नूतनीकरण राहिलं असेल तर तो खर्च तुमच्या माथी येतो.

जुनं शहर म्हणजे सुरक्षित असंही धरू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत पाणी शिरलं. पत्ता मोठा असला तरी पातळी बघावी लागते. नवं असो की जुनं, नाल्याची जागा नकाशावर शोधा.

मेट्रोचं ऐकून भाव वाढवू नका. मार्च 2019 मध्ये सुरू झालेली ऑरेंज लाइन वर्धा रोडने जाते, आणि घोगली-बेसा हा भाग रेल्वेलाइनच्या दुसऱ्या बाजूला आहे. स्टेशन गाठायला आधी मनीषनगरची गर्दी ओलांडावी लागते. दुसऱ्या टप्प्यात मिहानहून बुटीबोरी, ऑटोमोटिव्ह चौकातून कन्हान, लोकमान्यनगरहून हिंगणा आणि प्रजापतीनगरहून ट्रान्सपोर्टनगर असे मार्ग आहेत. यातला एकही तुमच्या बाजूला येत नाही. तुम्ही लिहिलंय की नोकरी मिहानला आणि वहिनींची शाळा धरमपेठेत. मग दोन सकाळी, नऊच्या आधी, घोगलीतून धरमपेठेत गाडी चालवून बघा. रोजचा दीड तास जात असेल तर तो या घराच्या किमतीत धरायचाच आहे, आणि तो हिशेब माझ्यापेक्षा तुम्हालाच नीट करता येईल.

किती वर्षं राहणार यावर बरंच ठरतं. दहा-बारा वर्षं राहायचं, मुलं इथेच वाढवायची, आई-बाबांना खालची खोली द्यायची, तर घोगलीचं डुप्लेक्स माझ्या मते बरोबर आहे, जमीन तोवर बांधकामाची झीज भरून काढेल. तीन-चार वर्षांत पुण्याला बदली होण्याची शक्यता असेल तर घेऊ नका, त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट घ्या किंवा भाड्याने राहा. बिल्डरच्या 82 लाखांच्या घरापेक्षा मला तुमचं चार वर्षांचं घर जास्त पसंत आहे, 300 फूट जादा जमिनीसाठी आणि भिंतींनी दाखवून दिलेल्या टिकाऊपणासाठी.

बोलणी अशी करा. आधी सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), आरएल, मंजूर नकाशा, मालकाचं विक्रीपत्र आणि कराच्या पावत्या यांच्या प्रती मागा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. मग वरचा जमीन-बांधकामाचा हिशेब एका कागदावर लिहून मालकासमोर ठेवा आणि 84 पासून सुरू करा. आकडा मोडून दाखवला की मालक 'नाही' म्हणण्याआधी विचार करतो, नुसतं 'कमी करा' म्हटलं तर पन्नास हजारांवर अडतो. 88 वर जमलं तर छान, 90 च्या वर जाऊ नका. आरएल नसेल तर या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही, ते हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका. आणि बयाणा दिलात तर करारात एवढं लिहून घ्या की बँकेने कागदांच्या कारणाने कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत.

आरएल आणि मंजूर नकाशात काय निघालं ते कळवा, त्याप्रमाणे आकडा वर-खाली करून सांगतो.